बुद्धिबळाचा आरंभ: पाठांतर की समज?

आरंभाच्या खेळ्या मुखोद्गत झाल्या म्हणजे डाव साधला, असा आमचाही समज होता. महाळुंग्यास एके दिवशी तो पार मावळला. आम्ही राजापुढील प्यादे, घोडा व उंट यथाक्रम काढिले. तिसऱ्या खेळीस प्रतिपक्ष्याने आपला घोडा पुढे घालून राजापुढील प्यादे निराधार सोडिले. ही खेळी आमच्या पाठात नव्हती. लोभाने आम्ही ते प्यादे घोड्याने मारिले; तोच त्याचा वजीर बाहेर पडून आमच्या घोड्यावर व राजाकडील घोड्याच्या प्याद्यावर एकदम चालून आला. पुढील तीन खेळ्यांत मात! पुढे आलेला तो घोडाच मारिला असता, तर आमचे काही बिघडले नसते.

मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढले. तीत प्यादे आरंभी एकच घर चाले. म्हणून विलायती आरंभ त्यांस नव्याने शिकावे लागले. तथापि स्थिती ओळखण्याच्या बळावर त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांपैकी एकच बरोबरीत सुटला. बाकीचे सुलतान खानांनी जिंकिले.

विद्यार्थिमित्रहो, पांढऱ्या मोहऱ्यांसाठी एक आरंभ आणि काळ्यांसाठी दोन बचाव निवडावेत: एक राजाच्या प्याद्यास, दुसरा वजिराच्या. प्रत्येक खेळीस विचारावे: मधली घरे ताब्यात येतात काय? नवे मोहरे बाहेर निघते काय? राजा सुरक्षित होतो काय? आणि त्याआधी, प्रतिपक्ष्याच्या खेळीचा हेतू काय? हरलेला डाव त्याच सायंकाळी पुन्हा मांडावा. आम्ही तेव्हापासून तसेच करितो.