आधी बाक, मग घर

मुलं हायस्कुलात असताना पुण्यात बदली झाली, तर भाग कसा निवडावा आणि खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

पुण्यातल्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घराच्या गॅलरीत समोरच्या शाळेची घंटा ऐकू यायची. त्या घंटेपायीच आम्ही दरमहा पाच हजार जास्त मोजायला तयार झालो होतो. सोलापूरहून टेम्पो आला, पडदे लागले, गॅस जोडून झाला आणि मग मुलीचं सातवीचं प्रगतिपुस्तक घेऊन मी समोरच्या शाळेत गेलो. ऑफिसातल्या बाईंनी ते उघडूनही पाहिलं नाही. ‘आठवीच्या तिन्ही तुकड्या भरल्यात. पाचवीला आला असतात तर काही करता आलं असतं.’ मुलीला नऊ किलोमीटरवरच्या शाळेत जागा मिळाली. पुन्हा दलाली आणि पुन्हा टेम्पो नको म्हणून आम्ही तिथेच राहिलो. समोरची पहिली घंटा व्हायची तेव्हा आमची मुलगी व्हॅनमध्ये डुलक्या घेत असायची.

चूक शाळेची नव्हती. क्रम आमचा चुकला होता. तो तुमचा चुकू नये म्हणून हा हिशेब.

पत्त्याने काय मिळतं, काय मिळत नाही

अमेरिकेत घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, त्यामुळे तिथले आपले नातेवाईक ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ बघून घर घेतात. त्यांचा सल्ला पुण्यात लागू पडत नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांसाठी घर ते शाळा हे अंतर मोजतात खरं, पण ते प्रवेश पहिलीच्या किंवा त्याआधीच्या वर्गात होतात. आठवी-नववीत शाळेच्या भिंतीला लागून राहिलात तरी पत्त्याच्या जोरावर बाक मिळत नाही. तुकडीत जागा असेल तर मिळतो.

अकरावीला तर पत्त्याचा संबंधच उरत नाही. प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने, दहावीच्या गुणांवर होतात. २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल, तर तिथल्याच मुलांसाठी १० टक्के इनहाउस कोटा असतो, इतकाच काय तो फायदा. म्हणजे आठवीत मूल घेऊन येणाऱ्या कुटुंबाला शाळेजवळच्या घराची गरज जेमतेम तीन वर्षं असते. तेवढ्यासाठी घर विकत घ्यायची घाई करू नका. आधी अकरा महिन्यांचा करार करा.

कोणत्या इयत्तेत यावं?

बदली आपल्या हातात नसते, पण महिना-दोन महिने पुढेमागे करता येतात. पाचवी आणि आठवी या हायस्कुलात शिरायच्या खऱ्या वाटा. अनेक जुन्या शाळा पाचवीपासून सुरू होतात, आणि सातवीपर्यंतच्या शाळांतली मुलं आठवीला बाहेर पडत असल्याने तेव्हा जागांची हालचाल होते. सीबीएसईची बोर्डाकडची नोंदणी नववीत होते. दहावीला थेट प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या कारणापुरताच आणि बोर्डाच्या परवानगीने मिळतो. राज्य मंडळातून सीबीएसईत किंवा उलट जायचं असेल, तर आठवीपर्यंत उरकून घ्या. दहावीच्या वर्षात शहर बदलावंच लागलं, तर बदलीवर एकाने पुढे यावं आणि बाकीच्यांनी वर्ष संपल्यावर यावं, हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

इंदूर, बडोदा, बंगळुरू किंवा परदेशातून परतणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेशासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं ही सर्वसाधारण अट आहे. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल, तर परतीची तारीख दहावीच्या अलीकडची हवी. शिवाय २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. घरी बोलतो तेवढी मराठी पेपर सोडवायला पुरेलच असं नाही.

शाळा कशी जोखायची?

‘दहावीचा निकाल १०० टक्के’ हा फलक बघून हुरळून जाऊ नका. विचारायचा प्रश्न असा: गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती दहावीला तुमच्याकडून बसली? काही ठिकाणी कच्च्या मुलांना नववीतच अडवतात, किंवा पालकांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सुचवतात. शंभरातल्या वीस मुलांना आधीच वगळून लागलेला शंभर टक्के निकाल आणि सगळ्यांना घेऊन लागलेला ९२ टक्के, यांत मला दुसरी शाळा अधिक भरवशाची वाटते.

सीबीएसई शाळेच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ नावाचं पान असतं, बोर्डाने ते बंधनकारक केलं आहे. संलग्नता, अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र, फी, शिक्षकसंख्या आणि गेल्या तीन वर्षांचे निकाल हे सगळं तिथे हवं. पान सापडत नसेल किंवा त्यावरची कागदपत्रं उघडत नसतील, तर तेही एक उत्तर समजा. कुठल्याही बोर्डाच्या शाळेकडे सरकारी नोंदीचा ११ अंकी यू-डायस क्रमांक मागा. अनधिकृत शाळा बऱ्याचदा यातच उघड्या पडतात.

यानंतरचं काम गेटवर. दुपारच्या पाळीची मुलं आत जाताना आणि सकाळची बाहेर पडताना अर्धा तास तिथे उभं राहा. रिक्षाकाका आणि व्हॅनकाकांशी बोला. कुठल्या शाळेची मुलं शनिवारी खेळायला थांबतात, कुठल्या शाळेतले शिक्षक वर्षात तीनदा बदलले, कुठे गणिताच्या क्लासची जाहिरात शाळेच्या दारातच वाटतात, हे त्यांना माहीत असतं. मला एका काकांनी सांगितलेलं वाक्य अजून आठवतं: ‘साहेब, पोरं गाडीत बसल्यावर शाळेविषयी काय बोलतात ते ऐकावं. पालकसभेत ते कळत नाही.’

भाग निवडताना

मराठी किंवा सेमी-इंग्रजी, अनुदानित आणि राज्य मंडळ अशी निवड असेल, तर पुण्याचा मध्य अजूनही तगडा आहे. १८८० साली सुरू झालेलं न्यू इंग्लिश स्कूल, १८८३ चं नूतन मराठी विद्यालय, १८८४ ची मुलींची हुजूरपागा, पेरुगेटची भावे प्रशाला आणि, सीबीएसईची असली तरी, सदाशिव पेठेतली ज्ञानप्रबोधिनी या सगळ्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मात्र पेठांमधली घरं जुनी आहेत, पार्किंग जवळजवळ नाही आणि लिफ्टही नशिबाने. इथे मेट्रोने गणित बदललं. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप या स्थानकांजवळ राहून मूल डेक्कनपर्यंत एकटं जाऊ शकतं. पिंपरी-चिंचवडकडची मार्गिकाही सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा, मंडईमार्गे स्वारगेटपर्यंत पोहोचली. म्हणून शाळा पेठेत असली तरी घर कोथरूडला किंवा पिंपरीच्या स्थानकाजवळ शोधायला हरकत नाही.

जुन्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा हव्या असतील तर कॅम्प आणि पाषाण. बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडी या भागांत विनाअनुदानित इंग्रजी शाळा जास्त. इमारती चकचकीत, फीही तशीच. आयटीत नोकरी असेल तर ऑफिस जवळ पडतं, पण मग फीचे दोन हप्ते एकदम आले तर झेपतील का, हे आधी बघा. निगडी प्राधिकरण आणि हडपसर हे भाग मात्र यादीतून उगाच सुटतात. निगडीलाही ज्ञानप्रबोधिनीची शाळा आहे आणि हडपसरला रयत शिक्षण संस्थेचं साधना विद्यालय.

महिन्याचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. खालचे आकडे उदाहरणापुरते धरले आहेत. तुमच्या भागातल्या तीन घरांची भाडी विचारून ते बदला.

शाळेजवळचं घर: भाडे २८,०००, मेंटेनन्स २,५००, व्हॅन शून्य. एकूण ३०,५००.

लांबचं घर: भाडे १९,०००, मेंटेनन्स २,०००, व्हॅन २,५००, जास्तीचं पेट्रोल १,५००. एकूण २५,०००.

फरक महिन्याला ५,५००, वर्षाला ६६,०००. पण लांबच्या घरातून मुलाचा रोज दीड तास जास्त जातो असं धरा. शाळेचे दिवस २२० धरले, तर वर्षाला ३३० तास. ६६,००० ला ३३० ने भागा: तासाला २०० रुपये. आता प्रश्न सोपा झाला. मुलाच्या झोपेचा, खेळाचा किंवा अभ्यासाचा एक तास तुम्ही २०० रुपयांना विकत घ्याल का? काही घरांत उत्तर ‘हो’ येईल, काही घरांत त्याच पैशात चांगला क्लास लागेल. दोन्ही बरोबर. आम्ही तर भाडंही जवळच्या घराचं भरलं आणि व्हॅनचंही.

व्हॅन ठरवताना पैसे दहा महिन्यांचे, अकरा की बारा, हे आधी बोलून घ्या. मे महिन्यातले पैसे हे भांडणाचं हमखास मूळ. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. गाडीचा परवाना आणि फिटनेस त्यांच्याकडे नोंदवलेला आहे का, ते विचारा.

शिफ्ट होताना एकदम लागणारे पैसे

२८,००० भाड्याच्या घराला तीन महिन्यांची अनामत धरली तर ८४,०००. दलाली बहुधा एक महिन्याचं भाडं, म्हणजे २८,०००. करार नोंदणीकृतच हवा, आणि कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क कराराच्या काळातलं एकूण भाडं आणि अनामतीवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचे हे साधारण ८०० रुपये होतात. शहरात नोंदणी फी १,०००. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटाने याहून बरीच मोठी रक्कम सांगितली, तर जास्तीचे पैसे कशाचे, हे विचारा.

यात टेम्पो, हमाल, पहिल्या सत्राची फी, दोन गणवेश आणि बूट मिळवा. गणवेश, वह्या अमुक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, आणि जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात.

फी आणि ‘डोनेशन’

कॅपिटेशन फीवर राज्यात १९८७ पासून बंदी आहे. ‘बिल्डिंग फंड’ म्हणून रोख मागितली तर पावतीवर काय लिहिणार, एवढंच शांतपणे विचारा. बऱ्याचदा आकडा तिथेच खाली येतो. २०११ च्या फी नियमन कायद्यानुसार शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजुरीला जाते आणि मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं टिकते. म्हणून ‘यंदाची फी किती?’ एवढं विचारून थांबू नका. ‘मंजुरी कोणत्या दोन वर्षांची आहे?’ हेही विचारा. दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलात तर पुढच्या जूनला वाढ येणार, हे धरून चला.

दाखला हातात घेताना

जुन्या शाळेतून निघण्याआधी दाखल्याचा कच्चा मसुदा बघायला मागा. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात हे सगळं अक्षर-अक्षर तपासा. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली चूक दुरुस्त करणं म्हणजे शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या खेपा. दुसऱ्या राज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्याआधीच घ्या. आठवीपर्यंत मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून अशा शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

तर क्रम असा

डिसेंबर-जानेवारीत पाच शाळांची यादी करून जागा आहेत का ते विचारा. खासगी इंग्रजी शाळांचे प्रवेश तेव्हाच सुरू असतात. मार्चपर्यंत एकदा येऊन गेटवर उभे राहा. निकाल लागला की फी भरून पावती घ्या. मगच दलालाला फोन करा आणि पावतीवरच्या शाळेपासून घर शोधायला लागा.

मुलगी दहावी झाली आणि आम्ही ते घर सोडलं. सामान बांधत असताना दलाल नवं कुटुंब घेऊन आला. त्यांच्याबरोबर सातवीतला मुलगा होता. दलालाने सवयीने गॅलरीचं दार उघडलं आणि म्हणाला, ‘शाळा बघा, समोरच!’ त्या गृहस्थांनी कौतुकाने मान डोलावली. मी हातातली सुतळी खाली ठेवली आणि विचारलं, ‘प्रवेश झालाय का?’