बांधाचा तंटा व हद्दीची मोजणी

शेताचा बांध ही दोन शेजाऱ्यांची सामाईक ठेव होय. परंतु त्या हातभर मातीवरून गांवोगांवीं किती वैरें माजतात, हें वाचकांस सांगावयास नको. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असे पुष्कळ अर्ज माझ्या हातांखालून गेले. त्या अनुभवावरून शेतकरी बंधूंस उपयोगी पडतील अशा चार गोष्टी येथें लिहितों.

प्रथम हिशेब पाहावा. साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, अर्थात् १०८९ चौरस फूट. आणि ४० गुंठ्यांचा एकर. आतां बांध २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट लांब आहे, व शेजाऱ्यानें तो एक हात, म्हणजे दीड फूट कोरला, असें समजा. गेलेली जमीन ९९० चौरस फूट झाली. पुरा गुंठाही नव्हे. ती सोडून द्यावी असें माझें म्हणणें नाहीं. पण तिच्यासाठीं किती खर्च करावा, हें आधीं ठरवावें.

दोन चुलतभावांचा असाच वाद मीं जवळून पाहिला. नऊ वर्षें तारखा चालल्या. दोघांनींही बैल विकले. एकाच्या मुलीच्या लग्नास दुसरा गेला नाहीं. अखेरीस मोजणी झाली, तेव्हां असें दिसून आलें कीं, बांध एका टोंकास पूर्वेकडे व दुसऱ्या टोंकास पश्चिमेकडे सरकला होता, आणि दोघांचीही थोडी थोडी जमीन एकमेकांकडे गेली होती. “हें पहिल्याच वर्षीं केलें असतें तर!” एवढेंच वडील भाऊ बोलला.

दुसरी गोष्ट कागदांची. सातबाऱ्याचा उतारा क्षेत्र सांगतो, हद्द दाखवीत नाहीं. हद्द पाहावयाची ती गटाच्या नकाशावरून, व पोटहिस्सा पडला असल्यास फाळणीच्या नकाशावरून. इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ च्या सुमारास पाहणी केली. तिच्या धर्तीवर पुढें इलाखाभर शेतें मोजून हद्दींच्या खुणा कायम करण्यांत आल्या. त्या खुणांचे दगड सुस्थितींत राखण्याची जबाबदारी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें जमीनधारकावर आहे, व ते उपटणारा दंडास पात्र होतो. म्हणून नांगरटीच्या वेळीं दगड आड आला तरी त्यास हात लावूं नये.

तिसरी गोष्ट मोजणीची. पीक निघाल्यावर व नांगरटीपूर्वीं गांवांतील दोन वृद्ध माणसें बरोबर घेऊन उभय शेजाऱ्यांनीं बांधावरून फिरावें व जुने दगड शोधावे. एवढ्यानें समाधान न झाल्यास तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयांत हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्यावा. दोघांनीं मिळून फी भरली तर उत्तम. मोजणी एकाचीच आहे असा संशय राहत नाहीं. नोटीस आल्यावर लगतच्या सर्व धारकांनीं जातीनें हजर राहावें. मोजणी मान्य नसेल तर भूकरमापकाशीं हुज्जत न घालतां वरिष्ठांकडे निमताना मोजणी मागावी.

चौथी गोष्ट, मोजणी करणारा हद्द दाखवितो. ताबा देत नाहीं. त्यानें खूण केली म्हणून त्याच दिवशीं कुदळ घेऊन बांध फोडणारा मनुष्य खरा असूनही फौजदारींत सांपडतो. बेकायदा रीतीनें ताबा गेला असल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालीं सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दावा करतां येतो. त्यानंतर दिवाणी न्यायालयाचा मार्ग राहतो. मात्र वर्षानुवर्षें स्वस्थ बसूं नये. दुसऱ्यानें मालक म्हणून उघड वहिवाट बारा वर्षें केली, तर आपला हक्कच बुडण्याचा संभव असतो.

शेजाऱ्यानें सलोख्यानें हद्द मान्य केली, तर तें लेखी करून उभयतांनीं सह्या कराव्या व नवे दगड एकत्र पुरावे. त्या वेळीं मुलांसही बरोबर न्यावें. आपल्यामागें त्याच बांधावर त्यांस एकमेकांशेजारीं औत धरावयाचें आहे.