नवे शहर, नवे बिऱ्हाड आणि मन

पतीला किंवा पत्नीला पुण्या-मुंबईत नोकरी लागते आणि बिऱ्हाड हलते. नोकरी करणाऱ्याला कचेरीत माणसे भेटतात. बरोबर गेलेल्याच्या वाट्याला मात्र दिवसभर चार भिंतीच येतात. सुट्टीत माहेरी आलेल्या अशा लेकी माझ्याकडे येतात. झोप नाही, डोके दुखते, छातीत धडधडते, भूक लागत नाही. घरचे म्हणतात, "हिला सुख टोचतंय!"

हे नखरे नव्हेत. असा त्रास स्थलांतरानंतर साधारण तीन महिन्यांच्या आत सुरू होतो आणि जम बसला की बहुधा ओसरतो. तरीही हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासून घ्यावे. थकवा, धडधड त्यांच्यामुळेही होते.

जाताना रक्तदाब, मधुमेहाच्या महिनाभराच्या गोळ्या आणि जुने कागद बरोबर न्यावेत. तिथे ठरल्या वेळी उठावे, रोज अर्धा तास बाहेर चालावे, शेजारी एक तरी ओळख करावी.

दोन आठवडे रोज उदास वाटले, कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नये. 'टेली मानस' ही सरकारी मोफत सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

नोकरी करणाऱ्यांनाही एक सांगणे: संध्याकाळी "दिवसभर काय केलंस?" असे न विचारता "आजचा दिवस कसा गेला?" असे विचारा, आणि उत्तर पुरते ऐका.