भाडेकरारावर सही करण्याआधी

माद्रिदला घर बघायला जाशील तेव्हा बाल्कनी बघून भाळू नकोस गं, आधी करार मागून घे. त्यात 'इन्कुम्प्लिर' हे क्रियापद किंवा 'इन्कुम्प्लिमिएन्तो' हे त्याचं नाम जिथे जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने खूण कर. ठरलेलं न पाळणं, एवढाच त्याचा अर्थ. पण पैसे जातात ते त्याच कलमांत.

मग करार कुठल्या प्रकारचा आहे ते बघ. कायम राहण्याच्या घराचा असेल तर १९९४ चा भाडेकायदा तुझ्या पाठीशी आहे. डिपॉझिट, म्हणजे तिथली 'फियान्सा', एका महिन्याची. आणि सहा महिने झाले की ३० दिवस आधी कळवून घर सोडता येतं. करारात भरपाईचं कलम असेल तर मात्र उरलेल्या दर वर्षामागे एका महिन्याचं भाडं द्यावं लागतं. विद्यार्थ्यांपुढे बहुतेक वेळा 'तेम्पोरादा'चा, म्हणजे हंगामी करार ठेवतात. त्यात फियान्सा दोन महिन्यांची, आणि मध्येच सोडायची ही मुभा आपोआप मिळत नाही. ती आधीच लिहून घे.

भाडं थकणार असं दिसलं तर गप्प बसू नकोस. तारखेच्या आधीच मालकांना लेखी कळव, मेसेज जपून ठेव. आणि पोस्टमन मालकांच्या 'बुरोफॅक्स'ची, म्हणजे नोंदणीकृत पत्राची, चिठ्ठी टाकून गेला तर त्याच आठवड्यात पोस्टात जाऊन तो सोडवून आण. आत काय लिहिलंय आणि कधी पोचलं याचा पुरावा पोस्ट स्वतः ठेवतं. मुद्दाम न उचललेला बुरोफॅक्सही पोचला असं न्यायालयं सहसा धरतात. एरवी घर खाली करण्याचा दावा लागला तरी थकबाकी भरून तो एकदा थांबवता येतो. पण दाव्याच्या किमान ३० दिवस आधी मालकांनी अशी बुरोफॅक्सने थकबाकीची लेखी मागणी केली असेल आणि तू पैसे भरले नसशील, तर तोही मार्ग बंद. हे फार कमी मुलांना ठाऊक असतं, म्हणून जीव तोडून सांगते.

शेवटच्या महिन्याचं भाडं 'फियान्सातून वळतं करा' असं म्हणू नकोस. सगळे म्हणतात, पण तीही थकबाकीच.

जाताना भिंती, बेसिन, वीजमीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढ. किल्ल्या दिल्याची पोच तारीख घालून सहीनिशी घे, कारण त्या दिवसापासून एक महिना उलटला की परत न केलेल्या फियान्सावर कायदेशीर व्याज लागतं.