बक्कल कोणाचे?

कोणी नाणी जमवतो, कोणी तिकिटे. मी गणवेशावरच्या वस्तू जमवतो : बॅज, बटणे, पट्ट्याची बक्कले. बाबांच्या बदलीमुळे आमचे घर सध्या कोलकात्यात, बेहालाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका जुन्या सामानाच्या दुकानात मला महायुद्धाच्या काळातील जर्मन पोलिसांचे बक्कल मिळाले. मध्ये स्वस्तिक, भोवती ओकची पाने आणि ‘गोट मिट उन्स’ ही अक्षरे, म्हणजे ‘देव आमच्याबरोबर आहे’. हाऊसमध्ये दाखवून भाव खायचा, असे मी ठरवले.

आजीने ते हातात घेऊन विचारले, “आपलं शुभचिन्ह यांच्या पट्ट्यावर कसं रे?” मला सांगता येईना. म्हणून अभ्यास सुरू केला.

हिटलरच्या पक्षाने १९२० मध्ये स्वस्तिक आपले चिन्ह केले. जून १९३६ मध्ये हाइनरिख हिमलर साऱ्या जर्मन पोलिसांचा प्रमुख झाला आणि पोलिसांच्या वस्तूंवरही पक्षाचे चिन्ह पक्के बसले. त्यांच्या गणवेशावरील रंगावरून शाखा ओळखता येते : सरकारी शहर पोलिसांचा हिरवा, ग्रामीण पोलिसांचा नारिंगी, नगरपालिकांच्या पोलिसांचा गडद लाल. काहींच्या बाहीवरील गरुडाच्या वर शहराचे नावही भरलेले असे.

संग्राहकाने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. वस्तूची मागची बाजू आधी पाहावी. ल्यूडेनशाइड गावच्या आसमान कंपनीसारखे कारखाने आपला शिक्का मारत. मात्र नकला पुष्कळ आहेत आणि शिक्क्यांचीही नक्कल होते.

२. घासू नये. मी इन्स्पेक्शनच्या सवयीने बक्कल ब्रासोने लख्ख केले. जुनी झीज आणि डाग हाच वयाचा पुरावा असतो. तो मी स्वतःच पुसला.

३. वस्तू कुठून आली ते विचारून लिहून ठेवावे. बेहालाच्या राज्य पुरातत्त्व संग्रहालयात चंद्रकेतुगढच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. त्या कुठल्या हे माहीत आहे, म्हणून त्यांच्यावरून इतिहास सांगता येतो. मी दुकानदाराला काहीच विचारले नव्हते.

मग वाचताना हॅम्बुर्गच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनची माहिती मिळाली. क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये तिच्यावर ‘ऑर्डिनरी मेन’ हे पुस्तक लिहिले. यात बरेचसे मध्यमवयीन, साधे कामगार होते. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफुव गावात त्यांना ज्यू स्त्रिया, मुले आणि म्हातारे यांना गोळ्या घालण्याचा हुकूम मिळाला. मेजर ट्रापने आधी सांगितले, ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे. सुमारे ५०० जणांतून त्या वेळी जेमतेम डझनभर पुढे आले. संध्याकाळपर्यंत सुमारे १५०० माणसे मारली गेली.

हे वाचल्यावर बक्कल दाखवायची हौस गेली. आपणही रोज ओळीत उभे राहतो, हुकूम पाळतो. त्या ओळीत मी असतो तर बाजूला झालो असतो का? ‘हो’ म्हणायला मला वेळ लागला, आणि तेही खात्रीने म्हणता आले नाही.

बक्कल मी फेकले नाही आणि कधी लावणारही नाही. ते ट्रंकेत एका कार्डासह ठेवले आहे. कार्डावर लिहिले आहे : ‘जर्मन पोलिसांचे बक्कल. खरे की नक्कल, ठाऊक नाही. मूळ मालक अज्ञात. मी घासून खराब केले. युझेफुव, १३ जुलै १९४२, वाचावे.’

तुमच्या संग्रहातील एक वस्तू काढा आणि तिचे असे कार्ड लिहून पाहा.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी