ओल्या झाडावरून दोराने उतरताना

भारताच्या बहुतेक भागांत पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर हे महिने. चेन्नईचे ऋतुमान मात्र वेगळे आहे. नैऋत्य मोसमी वारे पश्चिम घाट ओलांडेपर्यंत बरेचसे रिते झालेले असतात. या शहराला खरा पाऊस मिळतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून. वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक याच तीन महिन्यांत पडतो, आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही बहुधा याच सुमारास या किनाऱ्यावर येऊन आदळतात. म्हणून चेन्नईत मोठी झाडे मोडतात ती पावसात, आणि अर्धवट मोडून लोंबकळणारी फांदी उतरवावी लागते तीही पावसातच.

१२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ हे चक्रीवादळ चेन्नईजवळ किनारा ओलांडून गेले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने शहरातील हजारो झाडे उन्मळून पडली. गुलमोहर व सोनमोहर यांसारखी, शोभेसाठी रस्त्याकडेला लावलेली झाडे त्यांत फार मोठ्या संख्येने होती. रस्ते बंद पडले, विजेच्या तारा तुटल्या, आणि पुढील कित्येक दिवस फांद्या तोडण्याचे काम चालू राहिले. अशा प्रसंगी अरक्कोणम येथे तळ असलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांसारखी प्रशिक्षित माणसे पुढे येतात. परंतु गल्लीबोळांतील पुष्कळसे काम रोजंदारीवरील मजुरांच्याच वाट्याला जाते. हाती लागेल तो दोर घेऊन माणूस झाडावर चढतो. वर चढण्याची धडपड सर्वांना दिसते, पण दोरावरून खाली उतरतानाचा धोका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

तमिळनाडूत झाडावर चढणे ही काही नवी विद्या नव्हे. ताड हा तर त्या राज्याचा राज्यवृक्ष. पायांत दोराचा फास अडकवून उंच ताडावर चढणारे कसबी लोक तेथे पिढ्यानपिढ्या आहेत, जसे कोकणात माडावर चढणारे भंडारी आहेत. परंतु ताडाचा रस काढण्याचा हंगाम मुख्यतः कोरड्या महिन्यांतला. निसरड्या खोडावर चढण्याची वेळ त्यांच्यावर एरवी क्वचितच येते. वादळानंतर काम करणाऱ्याला ऋतू निवडण्याची मुभा नसते. म्हणून ओलाव्याने नेमके काय बदलते, हे त्याने जाणून घेणे अगत्याचे ठरते.

दोर तुटेल काय?

झाडावरून उतरणाऱ्याला पहिली भीती वाटते ती दोर तुटण्याची. ही भीती कितपत खरी आहे, हे आकड्यांवरून पाहता येईल. आधुनिक दोराची रचना दुहेरी असते. आत भार पेलणारा गाभा आणि बाहेरून त्याचे रक्षण करणारे विणलेले आवरण. अशा रचनेचा दोर जर्मनीतील एडेलरिड या कंपनीने १९५३ मध्ये प्रथम प्रचारात आणला. उंचीवरील कामासाठी वापरल्या जाणाऱ्या, कमी ताणल्या जाणाऱ्या दोराच्या मुख्य प्रकाराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २२०० किलोग्रॅम वजनाइतका भार सोसला पाहिजे, असे युरोपीय मानक आहे. नायलॉन भिजले की त्याची ताकद साधारणतः १० ते १५ टक्क्यांनी घटते, आणि गाठ मारली की आणखी सुमारे एक तृतीयांश घटते. ही दोन्ही वजाबाकी केली, तरी बाराशे किलोग्रॅमच्या आसपास ताकद शिल्लक राहते. उतरणाऱ्या माणसाचे वजन फार तर ८० किलोग्रॅम!

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चांगला दोर केवळ भिजल्यामुळे माणसाच्या वजनाने तुटत नाही. तो तुटतो तो करवतीचे पाते लागल्याने, मोडलेल्या फांदीच्या धारदार कडेवर घासल्याने, किंवा पूर्वीच्या कामात लागलेल्या व कोणी न पाहिलेल्या इजेने. ओले नायलॉन घासले जाताना कोरड्यापेक्षा लवकर झिजते, म्हणून कडेवर गोणपाट वा जाड कापड ठेवण्याची काळजी पावसात अधिकच घ्यावी लागते. बाजारात मिळणारा, सामान बांधण्याचा पिळाचा दोर मात्र या हिशेबात बसत नाही. त्याच्या ताकदीची कोणी हमी दिलेली नसते.

भिजलेल्या दोराचा आणखी एक गुण फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. नायलॉनचा दोर वारंवार भिजून वाळला की आखूड होतो. चाळीस मीटरचा दोर पाच टक्के आटला, तर त्याचे दोन मीटर कमी झाले. गेल्या वर्षी जमिनीपर्यंत पोचलेला दोर यंदा पोचेलच असे नाही. दोराच्या टोकावरून निसटून पडणे हा या कामातील अत्यंत दुःखद आणि अत्यंत सहज टाळता येण्याजोगा अपघात होय. त्यावरील उपायाला काहीही खर्च येत नाही: चढण्यापूर्वी दोराच्या खालच्या टोकाला एक जाड गाठ मारून ठेवावी.

हातावर येणारा भार

खरा बदल होतो तो घर्षणात. दोराने खाली उतरण्याची आजची रीत आल्प्स पर्वतात रूढ झाली, आणि तिचे श्रेय सामान्यतः शामोनी येथील वाटाड्या ज्याँ शार्ले-स्ट्राटाँ याला दिले जाते. पती द्र्यु हे शिखर सर करण्याच्या प्रयत्नांत, १८७९ पूर्वीच्या काही वर्षांत, त्याने ती शोधली. पुढे दोर शरीराभोवती गुंडाळण्याऐवजी धातूच्या साधनातून नेण्याची पद्धत आली. या साधनाला डिसेंडर म्हणतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी कडी हा त्याचा साधा व सर्वपरिचित प्रकार.

डिसेंडरचे तत्त्व चेन्नईच्या बंदरात कोणालाही पाहता येईल. जहाजाचा दोर धक्क्यावरील लोखंडी खुंटाभोवती दोन-तीन वेढे घेतला की एक खलाशी एवढे मोठे जहाज हाताने रोखून धरतो. वेढ्यांचे घर्षण बहुतेक भार पेलते. हाताला उरतो तो थोडासा अंश. या घर्षणाचे गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडले. त्यातील मर्म असे की, वेढे वाढले की हातावरील भार बेरजेने नव्हे, तर पटीने कमी होतो. आणि घर्षण घटले की तो तसाच पटीने वाढतो.

एक हिशेब करून पाहू. ७० किलोग्रॅम वजनाचा माणूस दोराच्या एका पूर्ण वेढ्यावर लटकला आहे असे समजावे. घर्षणाचा गुणांक ०.३ असेल, तर हाताने सुमारे साडेदहा किलोग्रॅमची ओढ धरावी लागते. पाण्याच्या थराने तो गुणांक ०.२ वर आला, तर तीच ओढ सुमारे २० किलोग्रॅम होते. घर्षण एक तृतीयांशाने घटले, पण हातावरचा भार जवळजवळ दुप्पट झाला. तोही ओल्या हातमोज्यांतील, थंडीने व श्रमाने शिणलेल्या हातावर. पण याच हिशेबात उपायही दडलेला आहे. त्याच ओल्या दोराला आणखी एक पूर्ण वेढा दिला, तर हातावरचा भार पावणेसहा किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे कोरड्या दोराच्या एका वेढ्यापेक्षाही कमी होतो.

प्रत्यक्षात परिस्थिती याहून थोडी गुंतागुंतीची असते. पाणी पिऊन फुगलेला दोर काही साधनांत सुरुवातीला अडखळतो आणि मग एकाएकी सुटतो. चिखल लागलेला दोर धातू झिजवतो. हात सोडताच थांबणारी स्वयंचलित साधने निसरड्या दोरावर थोडी घसरून मगच थांबतात. म्हणून ओल्या दोरावरील वेग आगाऊ सांगता येत नाही, आणि घर्षण वाढवण्याची तजवीज उतरू लागण्यापूर्वीच करावी लागते. अर्ध्या वाटेवर, एका हातात सारे वजन तोलून धरलेले असताना, वेढा वाढवणे जवळजवळ अशक्य असते.

हात सुटलाच, तर सांभाळणारे दुसरे काही असावे. यासाठी ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ किंवा तिच्या जातीची दुसरी एखादी गाठ वापरतात. बारीक दोरीचा फास मुख्य दोराभोवती गुंडाळून डिसेंडरच्या खाली ठेवला की, ओढ बसताच तो दोराला आवळून धरतो. ओल्या दोरावर ही गाठही घसरू शकते. म्हणून तिला एक वेढा जास्त द्यावा, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून ती धरते की नाही हे पाहावे. खाली उभा असलेला जोडीदार दोराचे टोक खेचून उतरणाऱ्याला थांबवू शकतो. कोणी एकट्याने हे काम करू नये, याचे हेही एक कारण आहे.

झाडाचा भरवसा

दोर आणि साधन निर्दोष असले, तरी सारा भार शेवटी झाडावर असतो. भिजलेल्या मातीत मुळांची पकड सैल होते. पाने, साली आणि विशेषतः वाळकी लाकडे पाणी शोषून जड होतात. अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाचे मूळ खोड १९८९ मध्ये वादळात कोसळले. शेकडो पारंब्यांनी सावरलेल्या वृक्षाची ही गत, तर रस्त्याकडेच्या उथळ मुळांच्या गुलमोहराचा भरवसा काय धरावा! शेवग्यासारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडाला माणसाचा भार कधीच देऊ नये. माडाच्या झावळीचा आधार तर आधारच नव्हे.

दोर बांधायचा तो जिवंत खोडाला, किंवा खोडाजवळच्या जाड बेचक्याला. फांदीच्या टोकाकडे नव्हे. जमिनीवरून दोन-तीन माणसांनी दोराला एकदम लटकून पाहिल्याखेरीज कोणी वर जाऊ नये. जवळून विजेची तार जात असेल, तर प्रवाह बंद केल्याची खात्री होईपर्यंत काम सुरू करू नये, कारण मळलेला ओला दोर वीज वाहून नेतो. आणि गडगडाट ऐकू आला, तर झाडापासून दूर जाणे हाच एकमेव नियम होय.

काम आटोपल्यावर दोर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होते. मग तो हाताखालून इंच इंच सरकवत तपासावा. मालमोटारीत बॅटरीशेजारी तो टाकू नये, कारण आम्लाचा अंश लागलेले नायलॉन बाहेरून धड दिसले तरी आतून खचलेले असू शकते.

या सर्व गोष्टींचा विचार केला असता असे दिसते की, पावसात एकच मोठा धोका निर्माण होत नाही. प्रत्येक कडीची सुरक्षितता थोडी थोडी कमी होते, आणि ही तूट एकाच वेळी, एकाच माणसाच्या वाट्याला येते. दोराच्या टोकाची गाठ, जादा वेढा, आधाराची परीक्षा आणि प्रवाह बंद असल्याची खात्री, ही सारी कामे पाय जमिनीवर असतानाच करायची असतात. रस्ता मोकळा व्हायला एक दिवस उशीर लागला, तर शहराची थोडी गैरसोय होते. घाईने वर चढवलेला माणूस पडला, तर त्याच्या घराचे नुकसान कशानेच भरून निघत नाही. आणि ओले झाड उद्या वाळते.