मऊ टायर की टिकाऊ टायर?

प्रश्न : माझ्याकडे डॉमिनार ४०० आहे. दर आठवड्याला सातारा–पुणे–सातारा, शिवाय पावसाळ्यात कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण किंवा कासला चक्कर. बऱ्याचदा मागे बायको आणि दोन बॅगा. मागचा टायर मधोमध सपाट झालाय, बाजूची नक्षी मात्र शाबूत आहे. दुकानदार म्हणतो, कंपनीतून आलेला तोच टायर परत टाका. मित्र म्हणतो, रेसिंगचा मऊ टायर घे, घाटात गाडी चिकटून चालेल. इंटरनेटवर सगळे ‘स्पोर्ट टूरिंग’ टायरचे गोडवे गातात, पण त्यांच्या किमती ऐकून घाम फुटतो. पकड, आयुष्य आणि पैसा, तिन्ही जमेल असा टायर असतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तिन्ही पुरेपूर देणारा टायर कुणी बनवलेला नाही. तुमच्या मित्राचा सल्ला तेवढा आधी बाजूला ठेवू, कारण तुम्हाला ज्या दिवशी पकडीची खरी गरज असेल, नेमक्या त्याच दिवशी तो उलटा पडेल.

पकड म्हणजे एकच गोष्ट, असं आपण धरून चालतो. रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. एक म्हणजे ते पृष्ठभागाला चिकटतं. दुसरं म्हणजे खडीच्या बारीक उंचवट्यांमध्ये दबतं, वाकतं, परत फुगतं, आणि या दबण्या-फुगण्यात ऊर्जा खर्च होऊन घसरण्याला विरोध होतो. रस्ता ओला झाला की मध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि चिकटण्याचा भाग बराच कमी होतो. उरतो तो दबण्याचा भाग. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरचं रबर गरम झाल्यावरच नीट काम करायला लागतं. जुलैत कुंभार्लीत वरून पाऊस, खालून वाहतं पाणी आणि गाडीचा वेग चाळीस. तिथे ते रबर तापणार कधी? थंड राहिलं की ते कडकच राहतं. शिवाय अशा टायरना खाचाही कमी असतात. म्हणजे मित्राने सुचवलेला ‘चिकट’ टायर मार्चमधल्या कडक उन्हात मजा देईल आणि पावसात तुम्हाला दगा देईल.

स्पोर्ट टूरिंग टायरचं मर्म इथेच आहे. टायरचा काळा रंग येतो कार्बन ब्लॅकमुळे. या काजळीच्या भुकटीने रबराला ताकद येते आणि झीज कमी होते. त्यातली बरीच काजळी काढून तिच्या जागी सिलिका घातली की रबर थंडीत आणि ओल्यातही लवचिक राहतं, आणि सरळ रस्त्यावर घरंगळताना फारसं तापत नाही. म्हणून मिशेलिनची ‘रोड’ मालिका, मेट्झेलरचा रोडटेक, ब्रिजस्टोनचे बॅटलॅक्स ‘टी’ टायर, डनलॉपचा रोडस्मार्ट, कॉन्टिनेंटलचा रोडअटॅक हे सगळे सिलिकावर भर देतात. युरोपात याच टायरांवर लोक आल्प्सचे घाटही चढतात आणि दिवसभर हायवेही तुडवतात. आपल्याकडे टीव्हीएसने अपाचे आरआर ३१० च्या २०२० च्या बीएस-६ गाडीला कारखान्यातूनच मिशेलिन रोड ५ बसवले, तेव्हा मध्यम ताकदीच्या गाड्या चालवणाऱ्यांमध्ये हे नाव घरोघरी गेलं. तिचे आकार, पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०, दोन्ही १७ इंची, हेच तुमच्या डॉमिनारचेही आहेत. म्हणजे आकार जुळतो का, हा प्रश्न मिटला.

दुहेरी रबराच्या टायरबद्दल एक गैरसमज आहे. मधला पट्टा कडक, दोन्ही कडा मऊ, म्हणजे सरळ रस्त्यावर टिकाऊ आणि वळणावर चिकट, असं दुकानात सांगतात. ते कोरड्या दिवशी खरं आहे. पण पावसात तुम्ही गाडी झुकवता किती? फारच थोडी. एसटी अचानक समोर आली आणि ब्रेक दाबला, तेव्हा गाडी जवळजवळ उभी असते आणि सगळा भार त्या कडक मधल्या पट्ट्यावर असतो. तिथे मऊ कडांचा काही उपयोग नाही. म्हणून ‘ड्युअल कंपाउंड आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. मधल्या पट्ट्यात सिलिका आहे का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण जी पकड टायरमध्येच नाही ती एबीएसही आणू शकत नाही.

आता तुमच्या सपाट झालेल्या टायरकडे वळू. त्यात बिघाड काहीच नाही. आठवड्याचे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर सातारा–पुणे हायवेवर सरळ जाताना टायरचा फक्त मधला, तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकतो आणि तोच घासतो. बाजूची नक्षी नवीसारखी दिसते म्हणून लोक असा टायर अजून सहा महिने ओढतात. अशा चौकोनी झालेल्या टायरवर गाडी वळणात आधी अडते आणि मग एकदम कलते, कारण सपाट भागाची धार ओलांडावी लागते. कुंभार्लीच्या उतारावर ते मला तरी अजिबात नको असतं.

पैशाचा हिशोब करू. आकडे फक्त अंदाजासाठी. समजा देशी रेडियल मागचा टायर ५,५०० रुपयांना पडला आणि १६,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला साधारण ३४ पैसे पडतात. समजा परदेशी स्पोर्ट टूरिंग टायर १३,००० रुपयांना पडला आणि १३,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला एक रुपया. तुमचं वर्षाचं धावणं १४,००० धरलं तर फरक नऊ-सव्वानऊ हजारांचा. पेट्रोल लिटरला २८ किलोमीटर आणि १०५ रुपये धरलं तर त्याच १४,००० किलोमीटरला पेट्रोलवर साडेबावन्न हजार जातात. तेव्हा नऊ हजार ही लहान रक्कम नाही, पण बुडवून टाकणारीही नाही. टायरच्या किमतीत २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने थोडा दिलासाही आहे.

तरीही तुमच्यासाठी मी महागड्या टायरची शिफारस करणार नाही. तुमचे बहुतेक किलोमीटर सरळ हायवेचे आहेत. कितीही भारी टायर घेतला तरी तो वर्षभरात मधोमध सपाट होणारच. आणि तेरा हजार मोजलेले असले की माणूस तो शेवटच्या खाचेपर्यंत ओढतो. कायद्याला दुचाकीवर ०.८ मिलिमीटर खोली पुरते, पण ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारायचं काम त्याच्या कितीतरी आधी मंदावतं. मेमध्ये बसवलेला बऱ्यापैकी देशी रेडियल हा दोन पावसाळे खाऊन गोटा व्हायला आलेल्या उत्तम परदेशी टायरपेक्षा जुलैत जास्त भरवशाचा. तेव्हा अपोलोचा अल्फा एच १ किंवा त्या तोडीचा स्टील बेल्टचा भारतीय रेडियल घ्या, पुढचा-मागचा एकाच जातीचा, आणि खाचा दोन मिलिमीटरवर आल्या की मोह न धरता काढून टाका.

खरेदीची वेळही सांगतो, कारण ती टायरइतकीच महत्त्वाची आहे. मेच्या मध्याला बसवा. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तरी कोरड्या रस्त्यावर, जोरात ब्रेक न मारता आणि हळूहळू झुकवत चालवल्याशिवाय तो रस्ता नीट धरत नाही. ७ जूनला पहिली सर आल्यावर दुकानात पळणारे हे शंभर किलोमीटर पावसातच काढतात. त्यात पहिल्या सरीला घाटातलं वर्षभराचं डिझेल आणि ऑइल वर तरंगतं.

महागडा टायर कुणी घ्यावा? ज्यांचे निम्म्याहून जास्त किलोमीटर आंबोली, ताम्हिणी, वरंधसारख्या वळणांत जातात आणि पाऊस पडतोय म्हणून जे गाडी घरी ठेवत नाहीत, त्यांनी खुशाल घ्यावा. ज्यांची गाडी वर्षाला चार हजारच धावते, त्यांनी ‘जास्त टिकणारा’ म्हणून पैसे मोजूच नयेत. त्यांचा टायर झिजण्याआधी उन्हाने आणि हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनने कडक होतो. नक्षी भरपूर उरलेली असते आणि रबर मेलेलं असतं.

प्रश्न : टायरवर इतके आकडे असतात. विकत घेताना त्यातले कोणते बघायचे?

उत्तर : सगळ्यात आधी तारीख. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. दुकानात वर्ष-दीड वर्षाहून जुना टायर ‘नवाच आहे साहेब’ म्हणून दाखवला तर किंमत पाडून मागा, किंवा सरळ दुसरा आणायला सांगा. परदेशी टायरच्या बाबतीत हे जास्त बघावं लागतं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने दुचाकीच्या टायरसकट बऱ्याच टायरांच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हापासून काही आकार कधी मिळतात, कधी महिनोन्‌महिने गायब होतात, आणि मग कुठल्या तरी गोदामातला जुना माल पुढे येतो. भारतात विकायच्या टायरवर आयएसआयचं चिन्ह असावंच लागतं, तेही शोधा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर काढून तपासावा आणि दहा वर्षांनी नक्षी असली तरी टाकून द्यावा, असं मोठे उत्पादक सांगतात. आपल्याकडच्या उन्हात मी दहा वर्षांची वाट बघणार नाही.

मग ‘५४ एच’, ‘६६ एच’ असं दिसेल. ५४ म्हणजे २१२ किलो वजन पेलणारा, ६६ म्हणजे ३०० किलो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. ‘डब्ल्यू’ म्हणजे २७०. डॉमिनारला एच भरपूर आहे. त्यावरच्या अक्षरासाठी जादा पैसे देऊ नका, पण कंपनीने दिलेल्या अक्षराखाली आणि आकड्याखालीही जाऊ नका, विशेषतः तुम्ही सामान आणि माणूस घेऊन फिरत असाल तर. बाणाची दिशा मात्र दुकान सोडण्याआधी स्वतः बघा. टायर उलटा बसवलेला मी एकापेक्षा जास्त गाड्यांवर पाहिलाय.

प्रश्न : हवा किती भरावी? पंपवाला सरसकट ३० भरतो. आणि नायट्रोजनने टायर जास्त टिकतो का?

उत्तर : चेनच्या कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो, एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळे आकडे देणारा. तोच धर्मग्रंथ. हवा सकाळी, गाडी फिरवायच्या आधी बघायची. साताऱ्याहून शिरवळला पोचेपर्यंत टायर तापून आकडा दोन-चार पौंडांनी वाढतो. ते पाहून हवा सोडून देऊ नका, कारण टायर थंड झाल्यावर ती कमी पडेल. कमी हवेने टायर तापतो, जड वळतो आणि भिंती थकतात. जास्त हवेने तुमचा मधला पट्टा अजून लवकर उडेल. पेट्रोल पंपांवरचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःचा चांगला गेज बॅगेत ठेवा. तो काही महागडा नसतो. नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरा.

प्रश्न : माझ्या गाडीला मागे १५०/६० आहे. गावात १४०/७० सहज आणि स्वस्त मिळतो. चालेल का?

उत्तर : एकदम धोक्याचं नाही, पण तो टायर दहा मिलिमीटर अरुंद आणि उंचीने जास्त आहे. व्यासात साधारण १६ मिलिमीटर, म्हणजे अडीच टक्क्यांचा फरक पडतो. मागची बाजू थोडी वर येते, गाडी वळायला जरा चपळ होते, आणि स्पीडोमीटर मागच्या चाकावरून वाचत असेल तर त्याचा आकडाही थोडा हलतो. चेन आणि मडगार्डला तो घासत नाही ना, हे बसवल्यावर हाताने चाक फिरवून बघावं लागतं. रुंद १६० टायर बसवण्याची हौस मात्र करू नका. तुमच्या रिमवर तो दोन्ही बाजूंनी दाबला जाऊन त्याचा माथा टोकदार होतो, आणि दिसायला भारदस्त असला तरी गाडी वळवायला जड जाते. रेडियलच्या जोडीला पुढे साधा बायस टायर घालायची कल्पना कुणी दिली, तर गाडीच्या कंपनीने तसं लिहून दिल्याशिवाय घालू नका. आणि १४०/७० घेतलाच, तरी त्यावरचा वजनाचा आकडा ६६ च्या खाली नाही ना, हे दुकानातच वाचून घ्या.